काळ्या मातीतल्या उंदराचा तळवा

माणसांची नावं उलटी लिहिणं हा आमच्या घराण्याचा धंदा. मी करीमबक्ष, अकोल्याच्या जुन्या शहरातला मोहरकन, म्हणजे मोहरा, नावाचे शिक्के, कोरणारा. पितळेवर, चांदीवर, कधी अकीकाच्या खड्यावर अक्षरं उलटी कोरायची, की कागदावर ती सुलटी उमटतात. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात वऱ्हाडी, आणि कागदावर शाळामास्तरांची मराठी. तेव्हा या लिखाणात तिन्हींची सरमिसळ झाली तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दिवाळी अंकाचे संपादक माझ्याकडे आले ते जहागीरदारांच्या मोहरांचे किस्से मागायला. किस्से पुष्कळ आहेत. एका जहागीरदाराला नावाभोवती इतक्या पदव्या हव्या होत्या की मोहर ताटलीएवढी झाली आणि ती उमटवायला दोन माणसं लागू लागली. पण असल्या गोष्टी कुठल्याही मोहरकनाकडे मिळतील. माझ्या हातून एक काम असं झालं, की तसं वऱ्हाडात दुसऱ्या कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. ते काम उंदराचं होतं. संपादक जरा हिरमुसले, पण लिहा म्हणाले.

गोष्ट माझ्या तरुणपणातल्या कापसाच्या तेजीतली. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि विलायतेच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. अमरावतीच्या बाजारात गाड्या वळवायला जागा उरली नाही. आमच्या धंद्याचंही रूप पालटलं. फारसी मोहरांची गिऱ्हाइकं आधीच आटत चालली होती; आता व्यापारी येऊ लागले. प्रत्येकाला आपल्या गठाणींवर, म्हणजे कापसाच्या बांधलेल्या गठ्ठ्यांवर, आपली खूण हवी. पितळी पत्र्यात ती खूण आरपार कापायची, पत्रा गठाणीवर धरायचा आणि वरून काळा रंग फिरवायचा, की छाप उठतो. यात उलटं कोरावं लागत नसे, म्हणून माझ्या वडिलांना हे काम हलकं वाटे. मी मात्र वाघ, हत्ती, कमळ, चंद्र, जे मागतील ते कापत होतो.

एक व्यापारी उशिरा आला. त्याला वाघ हवा होता, पण वाघ तिघांनी आधीच घेतलेला. मी म्हणालो, मुंगूस घ्या.

"मुंगसाले कोन भेते?" तो म्हणाला.

"साप भेते."

ते त्याला पटलं. आमच्या अंगणात एक मुंगूस येत असे. थांबलं की ते पुढचा एक पाय किंचित उचलून धरी आणि शेपटीचं टोक जमिनीला लागू देत नसे. मी तसंच कापलं. त्याच मुंगसामुळे साहेब माझ्या दारात आला.

हा साहेब एका विलायती पेढीसाठी अमरावतीला कापूस खरेदी करायचा. त्याच्या घरची माणसं कुठेतरी असतील, म्हणून नाव लिहीत नाही. बाजारात त्याला बिळेसाहेब म्हणत. कापूस पाहायला म्हणून तो वावरात जाई आणि कपाशी सोडून बिळांत डोकावत बसे. उंच, वाळका माणूस. विजारीच्या गुडघ्यांवर कायम माती. हिंदुस्थानी चांगलं बोले. त्याचं बोलणं मी इथे मराठीत देतो.

ओट्यावर बसून त्याने मुंगसाचा छाप असलेला गोणपाटाचा तुकडा पुढे केला. "हे चित्र तुम्ही कुठल्या पुस्तकातून घेतलं?"

"पुस्तकातून नाही. अंगणातून."

त्याने गोणपाटाची घडी घातली. मग म्हणाला, "अमरावतीला या. मला तुम्हाला काही कागद दाखवायचे आहेत."

मी मूर्तिजापूरला एक मुक्काम करून बैलगाडीने अमरावतीला गेलो. साहेबाच्या बंगल्यात एक मोठी चामड्याची पेटी होती आणि तिच्यात जुन्या पुस्तकांतून सुटे झालेले कागद. शंभर शंभर वर्षांपूर्वीचे, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रत्येकावर एक जनावर. ना वाघ, ना सिंह. सगळी लहान आणि बिळांत किंवा पाण्यात राहणारी. ती तांब्यावर कोरून छापलेली चित्रं होती. माझ्याच जातीचं काम, पण अक्षरांऐवजी केस. एकेका जनावराच्या अंगावर हजारो रेघा, आणि त्यांच्या दाटीतून पोट गोल होतं, पाठ उन्हात येते, पायाखाली सावली पडते. मी तोवर असलं काही पाहिलं नव्हतं.

त्या कागदांवर काय काय होतं ते आजही सांगू शकतो. एक मखमली जनावर होतं, डोळे जवळजवळ नाहीत आणि हातांच्या जागी दोन फावडी. साहेब त्याला मोल म्हणाला. एकाचं नाक सोंडेसारखं लांब आणि पाय बदकाचे. एक घुशीएवढं जनावर सगळा हिवाळा बिळात झोपून काढतं म्हणे. आणि बीव्हर नावाचं एक, जे दातांनी झाडं पाडून नदीला बांध घालतं. बीव्हरवर माझा विश्वास बसला नाही. साहेबाने शपथेवर सांगितलं, तरी आजही तो पुरता बसलेला नाही.

"चित्रं कशी वाटतात?" साहेबाने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. कोरणाऱ्यांचे हात फार कसबी आहेत, पण यातल्या निम्म्या लोकांनी जनावर जिवंत पाहिलेलं नाही. भुसा भरलेल्या कातड्यावरून कोरलं आहे. मानेवरचे केस कुठल्या बाजूला पडतात ते जिवंत जनावरावर एक असतं आणि वाळलेल्या कातड्यावर दुसरं.

मग मी तीन कागद एका ओळीत ठेवले. तिन्हींवर एकच पाणउंदीर होता. सगळ्यात जुन्या कागदावर पोटाखाली एक लहानशी तिरपी रेघ होती. ती रेघ मी ओळखली, कारण माझ्याही हातून तशा पडतात. पोलादी कलम तांब्यावर घसरलं की तशी रेघ पडते. दुसऱ्या पुस्तकवाल्याने पहिल्याची नक्कल केली आणि त्या रेघेला लांब केस समजून केस कोरला. तिसऱ्याने दुसऱ्याची नक्कल केली आणि पोटाखाली गवताची काडी काढली. एकाचं कलम घसरलं आणि सत्तर वर्षांत त्याचं गवत झालं.

साहेबाने भिंग लावून तिन्ही कागद पाहिले. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "हे कागद मी वीस वर्षं बाळगतो आहे. मला हे दिसलं नाही."

त्याच दिवशी त्याने मनातली गोष्ट सांगितली. इथल्या काळ्या मातीत एक उंदीर आहे. घरच्या उंदराहून मऊ, पाठीवर राखी, पोटाला पांढुरका. तो फारसं खोदत नाही. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात त्यांत राहतो. साहेबाच्या मते तो वेगळ्याच जातीचा होता. त्याने दोन कातडी विलायतेतल्या विद्वानांच्या मंडळाकडे पाठवली होती. उत्तर आलं होतं, की हा साधा उंदीर आहे आणि आपण कापसाकडे लक्ष द्यावं.

"कातड्यावरून त्यांना कळणार नाही," साहेब म्हणाला. "पण जिवंत पाहून कोरलेलं चित्र गेलं तर पाहावंच लागेल. वऱ्हाडातल्या बिळांतली आणि पाण्यातली सहा जनावरं कोरून द्याल?"

मी हो म्हणालो. ते काम जमेल की नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

धंद्याबाहेरच्यांसाठी हे कोरकाम थोडक्यात सांगतो. तांब्याचा पत्रा कोळशाने आणि पाण्याने घासत राहायचं, त्यात आपला चेहरा दिसेपर्यंत. मग पोलादी कलमाने रेघा कोरायच्या. कलम हलवायचं नाही, पत्रा फिरवायचा. कोरून झालं की शाई चोपडायची आणि तळहाताने पुसून काढायची. ती फक्त रेघांत राहते. वर ओलसर कागद ठेवून असा दाब द्यायचा की कागद रेघांत शिरून शाई उचलून आणेल. शाई मी जवसाचं तेल आणि काजळी घोटून करायचो.

अडचण दाबाची होती. तसलं यंत्र आमच्याकडे कुठलं? शेवटी मला सरकी काढायचा चरक आठवला. दोन लाटण्यांमधून कापूस जातो आणि सरकी मागे राहते. मी आमच्या सुताराला सांगितलं, असाच चरक कर, पण मांडीएवढ्या लाटांचा आणि बाभळीचा. त्याने विचारलं, "यातून काय काढ्याचं हाय?" मी म्हणालो, मुंगूस. त्याने बाभळीचं लाकूड मापायला घेतलं. लाटेवर आम्ही धनगरी घोंगडी गुंडाळली आणि पहिलं चित्र त्यातून स्वच्छ निघालं.

मुंगूस, घूस, साळिंदर आणि चिचुंद्री झाली. पाणमांजरासाठी साहेब आणि मी पूर्णेच्या काठी गेलो. तिथे गोदाबाई नावाची भोयांची म्हातारी होती. जन्मभर नदीत जाळी टाकलेली. पाणमांजरांशी तिचं भांडण जुनं, कारण ती जाळी फाडतात. मी तिला पेटीतलं विलायती पाणमांजर दाखवलं. खडकावर उभं, तोंडात आडवा मासा.

तिने कागद लांब धरून पाहिला. "हे मेलं हाय," ती म्हणाली.

"कशावरून, बाई?"

"शेपूट पाय ना. दोरीसारखी लोंबून राह्यली. जित्याची शेपूट खाली चपटी असते, वल्ह्यावानी. अन मासा असा तोंडात धरून ते फोटू काढाले उभं राह्यत नाई. दोन हातात धरते अन मुंडक्याकडून खाते. आपन भुट्टा खातो तसं."

(फोटो काढणारा माणूस तेव्हा अमरावतीच्या छावणीत येऊन गेला होता आणि गोदाबाईने तो पाहिला होता. त्याचा तिला फार अभिमान होता.)

चार सकाळी आम्ही तिच्याबरोबर झाऊच्या झुडपांत बसलो. पाचव्या सकाळी तीन पाणमांजरं आली आणि त्यांतल्या एकाने खरोखर दोन हातांत मासा धरून डोक्याकडून खाल्ला. मी कागदावर रेघा ओढत होतो. साहेब श्वास रोखून बसला होता. गोदाबाई मात्र तोंडातल्या तोंडात त्या पाणमांजराला शिव्या देत होती, कारण मासा तिच्या जाळ्यातला होता.

राहिला उंदीर. त्याच वर्षी पाऊस कमी झाला आणि तेल्हाऱ्याकडे जमिनीला हातभर रुंद भेगा पडल्या. कधी नव्हे एवढे उंदीर झाले. कपाशीची बोंडं उमलायच्या आत कुरतडली जाऊ लागली, आणि तीही त्या वर्षी, जेव्हा बोंडाबोंडाला भाव होता. लोक बिळांत धूर करत, पाणी ओतत, जे निघेल ते मारत. त्यात मुंगसंही मेली, जी उंदीरच खातात.

सखाराम पाटील हे तेल्हाऱ्याजवळचे मोठे कास्तकार. गठाणींच्या छापामुळे आमची ओळख होती. मी त्यांच्या वावरात जाऊन जिवंत उंदीर मागितले.

"करीमभाऊ, तुमी पयले असे मानूस हा जे उंदीर मांगाले आले," ते म्हणाले. "काय करसान?"

"चित्र काढाचं हाय."

"काहून?"

मी सांगितलं, की हा उंदीर वेगळा आहे असं साहेबाचं म्हणणं आहे.

पाटलांनी एका भेगेत काडी घालून पाहिली. "वेगळा तं हायच," ते म्हणाले. "घरचा उंदीर भितीवर चढते. याले चढता येत नाई. म्या मडक्यात टाकून पायलं. पन हे इचाराले आजवर कोनी आलं नाई."

त्यांनी भेग फोडून दोन उंदीर मला दिले. साहेबाच्या पेटीत एक चित्र होतं, त्यात बीळ उभं चिरून आतल्या खोल्या दाखवल्या होत्या. तशीच आम्ही एक भेग चिरली. आत पाचोळ्याचं घरटं होतं, आणि ते कापसाने इतकं मऊ केलेलं की पाटलांनाही त्यात हात घालून पाहावासा वाटला.

उंदीर मी पोपटाच्या पिंजऱ्यात घालून घरी आणले. माझी बायको अमीना पिंजऱ्याकडे पाहून म्हणाली, "अब्बा नवाबों के नाम खोदते थे. तुम चूहे खोद रहे." पण रोज ज्वारीचे दाणे तीच टाकायची.

पंधरा दिवस मी त्यांना पाहत होतो. साहेबाला चित्राच्या कोपऱ्यात मागच्या पायाचा तळवा मोठा करून हवा होता, कारण विद्वान लोक उंदराची जात पायावरूनही ओळखतात. पण जिवंत उंदराचा तळवा पाहायचा कसा? तो पाय वर करून दाखवत नाही. साहेबाच्या एका पुस्तकातलं मी त्याच्याकडून वाचून घेतलं होतं: उंदराच्या मागच्या तळव्यावर सहा उंचवटे असतात, लहान लहान गाद्यांसारखे. तेव्हा सहा कोरायचे असं मी ठरवून टाकलं होतं.

एका दुपारी मी पत्र्याला शाई लावत होतो. शेजारी छापायला ओलसर केलेले कोरे कागद पसरले होते. एक उंदीर पिंजऱ्याच्या गजांतून निसटला आणि शाई घोटायच्या फरशीवरून, मग माझ्या कागदांवरून पळत कोपऱ्यात गेला. अमीना काठी घेऊन आली. मी तिला थांबवलं. मी कागदांकडे पाहत होतो.

माझा सगळा जन्म ठसे वाचण्यात गेलेला. कागदावर उंदराने पंधरा-वीस ठसे उठवले होते. मागच्या पायाच्या प्रत्येक ठशात बोटांच्या मागे चार टिंबं होती. मी भिंग घेतलं. चारच. दुसऱ्या उंदराला धरून त्याच्याही तळव्याला शाई लावली आणि कागदावर टेकवला. तो मला कडकडून चावला. चार. मग घरातला उंदीर सापळ्यात धरला आणि त्याचा ठसा घेतला. सहा.

मी तांब्यावर चार गाद्या कोरल्या आणि पत्रा व छापलेलं चित्र घेऊन अमरावतीला गेलो.

साहेबाने चित्र पाहिलं आणि पाठीवरच्या केसांवरून बोट फिरवलं, जणू ते मऊ लागतील. मग कोपऱ्यातला तळवा पाहून त्याचा चेहरा बदलला. "इथे चूक झाली. सहा हव्यात."

मी म्हणालो, चार आहेत.

"प्रत्येक पुस्तकात सहा आहेत."

"पुस्तकात तर ती गवताची काडीही आहे," मी म्हणालो.

हे बोलायला नको होतं. साहेब लाल झाला. तो म्हणाला, की त्याच्या उंदरावरच्या लिखाणाची आधीच थट्टा झाली आहे, तळवा चुकला तर कोणी पुढे वाचणारही नाही. तुम्ही दोन उंदीर पाहिलेत आणि पुस्तकं लिहिणाऱ्यांनी शेकडो. दोन गाद्या वाढवून द्या, नाहीतर पत्रा ठेवून जा. मी पत्रा उचलला आणि अकोल्याला परत आलो. वाटेत मूर्तिजापूरच्या मुक्कामात मला सारखं वाटत होतं, की दोन टिंबं, ज्वारीच्या दाण्याहून बारीक, ती कोरायला मला दोन श्वास लागले असते.

तीन आठवड्यांनी साहेब आमच्या ओट्यावर आला. विजार कमरेपर्यंत काळ्या मातीने भरलेली. तो अमरावतीहून नव्हे, तेल्हाऱ्याहून येत होता. सखाराम पाटलांकडे राहून त्याने स्वतः भेगा फोडल्या होत्या. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "तीन पाहिले. तिघांनाही चार. माफ करा, उस्ताद."

मी अमीनाला चहा करायला सांगितला. चहा तेव्हा साहेब आला की त्याच्याच पुडीतला व्हायचा.

सहाही चित्रं साहेबाच्या लिखाणासकट विलायतेला गेली. आणि मग तिकडची लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, साहेबाची पेढी बसली. तो दोन महिन्यांत वऱ्हाड सोडून गेला. जाताना म्हणाला, छापून आलं की पहिली प्रत तुमची. कुठे जाणार, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

वर्षभराने त्याच्या नावाचं एक पुडकं अमरावतीला आलं. साहेबाचा जुना मुनशी ते घेऊन माझ्याकडे आला. इंग्रजी त्याला येत होतं. आत मंडळाचं पत्र आणि छापील कागद होता. उंदीर वेगळ्या जातीचा असू शकतो हे त्यांनी मान्य केलं होतं. पुढे मुनशी अडखळला. मी म्हणालो, जे आहे ते वाचा.

त्यांनी लिहिलं होतं, की चित्र सुरेख आहे. मात्र एतद्देशीय कारागिराकडून मागच्या तळव्याच्या बाबतीत निरीक्षणाची चूक झाली आहे, ती आमच्या चित्रकाराने दुरुस्त करून पत्रा नव्याने कोरला आहे.

मी छापील कागद उलगडला. माझाच उंदीर. तीच मान, तेच कान. तळव्यावर सहा गाद्या. खाली कोपऱ्यात त्या चित्रकाराचं नाव. माझ्या पत्र्यावर माझं नाव नव्हतं. मोहरकन मोहरेवर आपलं नाव घालत नाही; ती ज्याची त्याची. त्या सवयीने मी इथेही घातलं नव्हतं.

राग आला, तो त्या दिवसापुरता. त्यानंतर जे आलं ते वाईट होतं. मला शंका येऊ लागली. साहेबाने तीन पाहिले, मी दोन. सगळे एकाच वावरातले, कदाचित एकाच आईचे. एखाद्या घराण्यात सगळ्यांना सहा बोटं असतात, तसं त्यांच्यात चार गाद्यांचं असेल. विलायतेतला तो चित्रकार बरोबर असेल आणि मी, ज्याला नक्कल करणाऱ्यांचं हसू आलं होतं, चुकलेला असेन.

तेल्हाऱ्याला गेलो. पण त्या साली पाऊस उत्तम झाला होता. भेगा मिटल्या होत्या आणि उंदीर नाहीसे झाले होते.

"पुढच्या साली या," पाटील म्हणाले. पुढच्या सालीही नव्हते. तिसऱ्या सालीही नाही. सगळा मुलूख ज्यांच्या नावाने बोटं मोडत होता, त्यांतला एक मला तीन वर्षं पाहायला मिळाला नाही. गिऱ्हाइकांची कामं चालू होती. पण कलम हातात असताना मध्येच मनात यायचं, सहा असतील तर?

चौथ्या उन्हाळ्यात पाटलांचा माणूस सांगावा घेऊन आला: उंदीर आले आहेत, करीमभाऊंना म्हणावं आता पाहून घ्या.

मी शाईची फरशी आणि कागदाच्या पट्ट्या घेऊन गेलो. पाच गावांच्या शिवारांतून, मुद्दाम लांब लांबच्या भेगांतून, पाटलांच्या माणसांनी उंदीर आणून दिले. मी वावरात बाभळीखाली बसून एकेकाच्या तळव्याला शाई लावून ठसा घेत होतो. पाटील शेजारी उकिडवे बसले होते.

"उंदराइची कचेरी भरली," ते म्हणाले. "अंगठा लावून घेऊन राह्यले एकेकाचा."

पहिला, चार. दुसरा, चार. मला बरं वाटू लागलं. सहाव्या उंदराचा ठसा मी दोनदा घेतला. मग तिसऱ्यांदा. मग कागद पाटलांच्या पुढे धरला.

"मोजा."

त्यांनी करंगळीने मोजलं. "पाच."

संध्याकाळपर्यंत पंचवीस झाले. अठरा जणांना चार, सात जणांना पाच. सहा कोणालाच नव्हत्या. विलायत चुकली होती. आणि चार म्हणजे चारच, असं साहेबाला तोंडावर सांगणारा मीही पुरता बरोबर नव्हतो.

"मंग आता काय लिवसान?" पाटलांनी विचारलं.

"दोन्ही कोरीन. चारवाला तळवा अन पाचवाला, शेजारी शेजारी."

"अन त्याइनं इचारलं का आदी चारच काहून लिवल्या होत्या, तं?"

"तं सांगीन, तवा पाचच उंदीर पायले होते."

पाटलांनी हातातलं ढेकूळ फोडून माती बोटांतून सोडली. "तं हे बी कोरून टाका खाली," ते म्हणाले. "मानूस इचारे परेंत थांबू नये."

मी नवा पत्रा केला. दोन तळवे, आणि त्यांच्याखाली उलट्या अक्षरांत, जी कागदावर सुलटी उमटली, ही ओळ: आधी पाहिले पाच, मग पंचवीस, चार गाद्यांचे अठरा, पाचचे सात, सहाचा एकही नाही. त्याखाली, त्या धंद्यातल्या माझ्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदा, कोरणाऱ्याचं नाव.

मुनशीकडून इंग्रजीत पत्र लिहवून मी दोन प्रती त्या मंडळाला पाठवल्या. एक त्यांच्यासाठी, एक साहेबाचा पत्ता लागला तर त्याच्यासाठी. उत्तर आलं नाही. साहेबापर्यंत ती प्रत पोचली की नाही, मला कधी कळलं नाही. पोचली असेल तर त्याने ताबडतोब विश्वास ठेवला नसेल. आधी एखाद्या उंदराचा पाय शोधत गुडघ्यांवर बसला असेल, आणि मग त्याला ती पाचवी गादी फार आवडली असेल.